बाबांचे हेडफोन, तीन यंत्रे आणि गायब होणारा गायक : नेमकी कोणती वायर घ्यावी?

निशिगंध

नमस्कार. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत आणि संगीत नाटकांतील पदे हा त्यांचा जीव की प्राण आहे. घरातील इतरांना त्रास होऊ नये म्हणून ते हेडफोन लावून ऐकतात. माझ्या भावाने त्यांना बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा २५० ओहमचा हेडफोन आणून दिला आहे. त्याची गुंडाळीची वायर हेडफोनलाच कायमची जोडलेली आहे. तिच्या टोकाला ३.५ मिमीची पिन आहे आणि तिच्यावर आट्याने बसणारे ६.३५ मिमीचे जाड टोपण आहे.

बाबांना हा हेडफोन तीन ठिकाणी लावायचा असतो. पहिले ठिकाण म्हणजे जुना कॅसेट डेक, ज्याला मोठ्या पिनेचे सॉकेट आहे. दुसरा फोन, ज्याला फक्त यूएसबी-सी आहे, म्हणून मी छोटे अडॅप्टर आणले. तिसरा टीव्ही, ज्याला हेडफोनचे सॉकेटच नाही, मागे केवळ 'ऑप्टिकल' असे लिहिलेले एक भोक आहे. गुंडाळीची वायर ताणली की फोन टेबलावरून खाली पडतो, म्हणून रस्त्यावरच्या दुकानातून तीन मीटरची एक्स्टेन्शन वायर १५० रुपयांना घेतली.

आता अडचण अशी की डेकवर थेट लावले असता सारे उत्तम ऐकू येते. फोनवर मात्र नव्या चित्रपटगीतांत वाद्ये आणि घुमारा ऐकू येतो, पण गायक कुठेतरी दूर, जणू शेजारच्या खोलीत गात असतो. बालगंधर्वांची जुनी पदे लावली तर जवळजवळ शांतताच असते, फक्त तबकडीची खरखर येते. बाबांना दोन दिवस वाटत होते की आपले कान गेले. दुकानदार म्हणाला की वायर हलकी असल्यामुळे असे होते आणि चांदीचा मुलामा दिलेली ६,५०० रुपयांची वायर घ्या. ती घ्यावी का?

---

रानवारा

निशिगंध, कृपया थांबा आणि ६,५०० रुपये खिशातच ठेवा. एकाच वायरने तुमचे तिन्ही प्रश्न सुटतील हे मला शक्य वाटत नाही, कारण ते तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. टीव्हीच्या त्या भोकातून वीज नव्हे तर प्रकाश बाहेर पडतो, त्यामुळे तिथे कोणतीही हेडफोनची वायर चालणार नाही.

---

कथील

माझे दुरुस्तीचे काम पुण्यात तीस वर्षे चालू आहे आणि गायक गायब होण्याची तक्रार महिन्यातून एकदा तरी टेबलावर येते. तुमचे वर्णन इतके नेमके आहे की वायर न पाहताही निदान करता येते. तुमच्या एक्स्टेन्शनमधली अर्थिंगची, म्हणजे परतीची तार तुटली आहे किंवा तिचा डाग, म्हणजे कथलाने केलेला जोड, सुटला आहे.

कारण असे. तीन भागांच्या पिनेत टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मुळाशी असलेली लांब नळी दोघांच्या सामाईक परतीची असते. ही परतीची वाट बंद झाली की डाव्या आणि उजव्या कानाचे दोन्ही पडदे (हेडफोनमधले छोटे स्पीकर) एकामागोमाग एकाच मार्गात येतात. मग त्यांना डाव्या आणि उजव्या वाहिनीतला केवळ फरक मिळतो. ध्वनिमुद्रणात गायकाला सहसा मध्यभागी ठेवतात, म्हणजे त्याचा आवाज दोन्ही वाहिन्यांत सारखा असतो. सारख्यातून सारखे वजा केले की उरते शून्य. वाद्ये डावी-उजवीकडे पसरलेली असतात आणि घुमाराही दोन्हीकडे वेगळा असतो, म्हणून तेवढेच शिल्लक राहते.

बालगंधर्वांच्या काळातील मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या तर एकवाहिनी होत्या. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. त्यामुळे त्या पदांत गायक, ऑर्गन, सारंगी, तबला सगळेच दोन्ही कानांत सारखे आहे आणि सगळेच वजा होते. खरखर मात्र उरते, कारण खोबणीच्या दोन्ही भिंतींवरची झीज आणि धूळ वेगवेगळी असते आणि स्टिरिओ सुईने तबकडी वाजवून घेतली असेल तर ती दोन वाहिन्यांत वेगवेगळीच नोंदली जाते. तुमच्या बाबांचे कान शाबूत आहेत हे त्यांना आजच सांगा.

तपासणी सोपी आहे. एक्स्टेन्शन काढून हेडफोन अडॅप्टरला थेट लावा आणि बालगंधर्व ऐका.

---

अनुजा_ठाणे

कथील यांचे स्पष्टीकरण वाचून माझा जुना अनुभव आठवला, पण माझ्याकडे कारण निराळे निघाले होते. माझ्या माइकच्या इअरफोनला चार भागांची पिन होती आणि एका जुन्या फोनवर गायकाचा आवाज असाच नाहीसा होत असे. माइकजवळचे बटण दाबून धरले की आवाज परत येई. नंतर कळले की चार भागांच्या पिनेचे दोन प्रघात आहेत. सीटीआयए पद्धतीत टोकाकडून तिसरा भाग परतीचा आणि चौथा माइकचा असतो, तर ओएमटीपी पद्धतीत नेमके उलट. फोन एका पद्धतीचा आणि इअरफोन दुसऱ्या पद्धतीचा असला की परतीची वाट माइकमधून जाते. बटण दाबले की माइकची दोन टोके एकमेकांना जोडली जातात आणि वाट मोकळी होते. निशिगंध यांचेही असेच काही नसेल कशावरून?

---

कथील

अनुजाताई, तुमची शंका रास्त आहे आणि चार भागांच्या पिनेसाठी ती अगदी बरोबर आहे. पण डीटी ७७० प्रोला माइक नाही आणि पिन तीन भागांची आहे. तिची मुळाची नळी इतकी लांब असते की सॉकेटमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही पात्यांना टेकते, त्यामुळे फोन कोणत्याही पद्धतीचा असला तरी परतीची वाट मिळतेच. आणखी एक शक्यता मात्र राहते. फोनच्या जाड कव्हरमुळे किंवा अडॅप्टरच्या अरुंद तोंडामुळे पिन पूर्ण आत जात नसेल, तरीही हाच प्रकार घडू शकतो. पिन 'टक्' होईपर्यंत बसली पाहिजे.

---

भूप

एक वेगळे मत मांडतो. तुटलेली वायर ही तुटलेलीच, त्याबद्दल वाद नाही. परंतु वायरीच्या दर्जाने काहीच फरक पडत नाही असा सूर इथे उमटू नये. मी स्वतः चांदीचा मुलामा असलेली वायर वापरतो आणि तानपुऱ्याची जवारी मला तीत अधिक मोकळी वाटते. ज्यांनी ऐकलेलेच नाही त्यांनी ते नाकारू नये.

---

मंद्रसप्तक

भूप, तुमच्या ऐकण्याचा मला आदर आहे, तरीही आकडे मांडतो, कारण निशिगंध यांना पैसे खर्च करायचे आहेत.

०.३२ मिमी व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. तीन मीटरची वायर म्हणजे जाण्याचे तीन आणि येण्याचे तीन असे सहा मीटर, म्हणजे साधारण १.३ ओहम. हेडफोन २५० ओहमचा असेल तर या रोधामुळे आवाज ०.०५ डेसिबलहूनही कमी घटतो, जो कोणत्याही कानाला कळणार नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला हीच घट सुमारे ०.३ डेसिबल होते. चांदी तांब्याहून सुमारे सहा टक्के अधिक वाहक आहे, म्हणजे पूर्ण चांदीची तार घेतली तरी १.३ चे १.२ ओहम होतील. मुलाम्याने तर त्याहून कमी फरक पडेल.

मग वायरीने फरक कुठे पडतो? पडतो, पण वेगळ्या ठिकाणी. परतीची तार सामाईक असेल आणि तिचा रोध अर्धा ओहम असेल, तर ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये एका कानाचा आवाज दुसऱ्या कानात सुमारे ३६ डेसिबल खालच्या पातळीवर झिरपतो. चांगल्या वायरीत दोन्ही कानांच्या परतीच्या तारा पिनेपर्यंत वेगळ्या आणतात, त्याने हे टळते. दुसरे, कडक आवरणाची वायर सदऱ्यावर घासली की त्याची खसखस थेट कानात येते, आणि कानात खुपसायच्या इअरफोनमध्ये ती असह्य होते. तिसरे आणि सर्वांत मोठे म्हणजे पिनेचा डाग आणि पिनेपाशी वायरीला बसणारा ताण. बहुतेक वायरी तिथेच मरतात.

---

भूप

मंद्रसप्तक, घासण्याचा आणि ताणाचा मुद्दा मान्य आहे. माझी वायर मऊ आहे आणि मी ती पाच वर्षे वापरतो आहे, कदाचित माझ्या समाधानाचा मोठा भाग त्यातच असेल. जवारीबद्दलचे मत मात्र मी तूर्त बदलत नाही. निशिगंध यांनी ती वायर घेऊ नये हे मलाही पटते, कारण हेडफोनची मूळ वायर निघतच नाही आणि चांदी केवळ शेवटच्या तीन मीटरला लागेल.

---

पारिजात

मला वाटते की या वयाच्या माणसाला वायरीच्या जंजाळात अडकवू नये. चांगला ब्लूटूथ हेडफोन घ्या आणि मोकळे व्हा.

---

मंद्रसप्तक

पारिजात, तो पर्याय आहेच, पण जुन्या डेकला ब्लूटूथ नाही, चार्जिंगची आठवण ठेवावी लागते आणि टीव्हीवर ओठ आधी व शब्द नंतर असा विलंब जाणवू शकतो. हातात उत्तम हेडफोन असताना तो बाजूला टाकावा असे मला वाटत नाही.

आता फोनच्या आवाजाविषयी. एक्स्टेन्शन काढल्यावर गायक परत येईल, पण आवाज कमी भरेल अशी माझी अटकळ आहे. या हेडफोनची संवेदनशीलता एक मिलिवॉटला ९६ डेसिबल अशी दिलेली आहे. २५० ओहममध्ये एक मिलिवॉट शक्ती जायला अर्धा व्होल्ट लागतो. फोनच्या अडॅप्टरने जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट दिला तर सर्वांत मोठा क्षण ९६ डेसिबलला पोहोचेल, पण शास्त्रीय गायनाची सरासरी पातळी शिखराहून १५ ते २० डेसिबल खाली असते आणि जुन्या मुद्रणांची पातळी आणखी कमी ठेवलेली असू शकते. म्हातारपणी ऐकू कमी येत असेल तर तेवढे पुरत नाही. एक व्होल्ट देणारे अडॅप्टर असेल तर सहा डेसिबल वाढतात, दोन व्होल्ट देणारे असेल तर बारा. म्हणून खर्च करायचा असेल तर तो वायरीवर नव्हे, दोन व्होल्ट देणाऱ्या छोट्या डॅकवर, म्हणजे डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणाऱ्या यंत्रावर करावा.

यूएसबी-सीच्या अडॅप्टरांतही दोन जाती आहेत. एकात डिजिटलचे ॲनालॉग करणारी चिप असते, ती जवळजवळ सर्व फोनना चालते. दुसऱ्यात चिप नसते, केवळ तारा असतात, आणि फोन स्वतः ॲनालॉग आवाज त्या सॉकेटमधून बाहेर देत असेल तरच ती चालते. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून घेताना 'यात डॅक आहे का' असे स्पष्ट विचारावे.

---

दूरदेशी

मी जर्मनीत असतो, हाइलब्रोनपासून फार दूर नाही, जिथे ही बायरडायनॅमिक कंपनी आहे. २५० ओहम का, असे अनेक जण विचारतात. स्टुडिओत आणि नभोवाणी केंद्रांत एकाच आउटपुटला समांतर पद्धतीने अनेक हेडफोन जोडावे लागत असत. प्रत्येकाचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजलेला अडथळा, मोठा असला की सगळ्यांचा मिळून भार फार होत नाही. डीटी ७७० प्रो आज ३२, ८० आणि २५० अशा ओहमांत मिळतो, आणि फोनवर ऐकणाऱ्याने खरे तर पहिल्या दोहोंपैकी एक घ्यावा. पण निशिगंध यांच्या जुन्या डेकसाठी २५० ओहमच योग्य ठरला आहे. जुन्या डेकच्या हेडफोन सॉकेटमागे शंभर किंवा अधिक ओहमचा रोध घातलेला असू शकतो. त्यावर कमी ओहमचा हेडफोन लावला तर खर्ज फुगतो आणि आवाज भोंगळ होतो. उगमाचा रोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. २५० ओहमचा हेडफोन त्या नियमात पुरता बसला नाही तरी त्याच्यावर परिणाम पुष्कळच कमी होतो.

---

रानवारा

टीव्हीचा प्रश्न मागे राहिला, तो मी पूर्ण करतो. ऑप्टिकलच्या वायरीने टीव्हीपासून एका डॅकपर्यंत जावे आणि त्या डॅकला हेडफोनचे सॉकेट असावे, केवळ लाल-पांढरी आरसीए सॉकेट असून चालणार नाही. आरसीएमधून निघते ती लाइनची पातळी असते. ती ॲम्प्लिफायरला द्यायची असते, हेडफोनला नव्हे. मग टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा डिजिटल आवाज) करावा. तसे केले नाही तर टीव्ही डॉल्बीचा प्रवाह पाठवतो आणि साधा डॅक एकतर गप्प बसतो किंवा नुसता गोंगाट करतो. माझ्या घरी या एका सेटिंगपायी नवा डॅक परत करायची वेळ आली होती. ऑप्टिकल वायरीच्या टोकांवरची प्लॅस्टिकची इवली टोपणे काढायलाही विसरू नये, आणि ती वायर कोपऱ्यात करकचून वाकवू नये.

---

सारंगी_सांगली

विषय निघाला आहे म्हणून एक सावधानतेची सूचना. डॅक घेताना त्यावर ४.४ मिमीचे बॅलन्स्ड सॉकेट दिसले तर त्यात ३.५ मिमीचा हेडफोन अडॅप्टर लावून कधीही जोडू नका. बॅलन्स्डमध्ये डाव्या आणि उजव्या कानाच्या परतीच्या तारांवरही ॲम्प्लिफायर काम करत असतो, आणि तीन भागांच्या पिनेत त्या दोन तारा एकमेकींना चिकटतात. ॲम्प्लिफायर जळू शकतो. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड हेडफोन साध्या सॉकेटमध्ये, अडॅप्टरने सुखरूप चालतो.

---

अनुजा_ठाणे

आणि आवाजाची मर्यादाही पाळावी. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. माझ्या आईचा एक कान अधू आहे. तिच्या फोनमध्ये सुलभतेच्या सेटिंगमधून मोनो आवाज चालू केला आणि डावे-उजवे तोल थोडा सरकवला, तेव्हापासून ती आवाज उगाच वाढवत नाही.

---

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी एक्स्टेन्शन काढून हेडफोन अडॅप्टरला थेट लावला आणि पद सुरू केले. बाबा आधी काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी दोन्ही हातांनी कानावरच्या वाट्या दाबून धरल्या आणि डोळे मिटले, तेव्हा मला कळले की गायक परत आला आहे. मंद्रसप्तक यांनी म्हटल्याप्रमाणे आवाज मात्र कमीच आहे, शेवटच्या रेघेपर्यंत न्यावा लागतो.

एक्स्टेन्शन आता फेकून द्यावी की दुरुस्त होईल? आणि नवी घ्यायची तर दुकानात काय मागावे?

---

कथील

दुरुस्ती शिकण्यासाठी ती वायर उत्तम आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवा. सॉकेटच्या बाजूला दुसरी एखादी पिन खुपसून टोकाला टोक, कड्याला कडे, नळीला नळी तपासा, आणि तपासताना वायर पिनेपाशी हळूहळू वाकवा. बीप तुटेल तिथे दोष आहे. वायर कापलीत तर आत लाल आणि हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या, तसेच तांबूस अशा केसासारख्या तारांचे पुंजके दिसतील, मध्ये बहुधा मजबुतीसाठी घातलेला दोरा असेल. त्या रंगावर फसू नका, तो रंग म्हणजे लाखेसारखे विद्युतरोधक आवरण आहे आणि त्यावर कथील बसत नाही. गरम सोल्डरिंग गनच्या टोकावर कथलाचा एक टपोरा थेंब धरून त्यात तारेचे टोक चार-पाच सेकंद बुडवा. धूर निघेल, रंग जळेल आणि टोक चंदेरी होईल. त्यानंतरच डाग द्या. दोरा आधी कापून टाका, नाहीतर तो जळून डागात काजळी सोडतो.

नवी घ्यायची असेल तर पुण्याला तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर 'स्टिरिओ ईपी, नर-मादी, तीन मीटर' असे मागा. आमच्या धंद्यात ३.५ मिमीला ईपी पिन आणि ६.३५ मिमीला पी-३८ म्हणतात. 'स्टिरिओ' हा शब्द विसरू नका. मोनो पिन दिली तर एकाच कानात आवाज येईल आणि काही यंत्रांत उजवी वाहिनी शॉर्ट होईल. पिनेवर दोन काळी कडी दिसली की ती स्टिरिओ, एकच दिसले तर मोनो. पिनेचे आवरण आट्याने उघडणारे असेल तर पुढे दुरुस्तीही करता येते, म्हणून साच्यात ओतलेल्या पिनेपेक्षा तशी घ्या.

---

निशिगंध

आठवडाभराने लिहीत आहे. आट्याच्या पिनांची तांब्याची स्टिरिओ एक्स्टेन्शन ३५० रुपयांना मिळाली. उरलेल्या पैशांत थोडी भर घालून ऑप्टिकल आणि यूएसबी असे दोन्ही घेणारा, दोन व्होल्ट देणारा एकच डॅक घेतला, त्यामुळे फोन आणि टीव्ही दोन्हींची सोय झाली. टीव्हीवर पहिल्या दिवशी शांतता होती. रानवारा यांचा प्रतिसाद पुन्हा वाचला, पीसीएम केले आणि आवाज आला. फोनचा आवाज आता निम्म्यावर ठेवूनही बाबांना पुरतो.

एक लहानशी शंका उरली आहे. डेकवर मोठे टोपण लावून ऐकताना कालपासून उजव्या कानाचा आवाज मधूनमधून जातो. फोनवर तसे होत नाही.

---

कथील

म्हणजे हेडफोन ठीक आहे आणि वायरही ठीक आहे. डेकच्या सॉकेटमधल्या पात्यांवर काळपट थर बसला असणार. डेक बंद करा, टोपण हेडफोनच्या पिनेवर पक्के आवळा, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि तसेच ओलसर असताना सॉकेटमध्ये दहा-बारा वेळा आत-बाहेर करून फिरवा. पूर्ण वाळू द्या. मग आवाजाचे बटण शून्यावर ठेवूनच डेक सुरू करा.

---

निशिगंध

केले. टोपणावर अक्षरशः काजळी आली होती, दुसऱ्यांदा पुसल्यावर ते स्वच्छ निघाले. उजवा कान परत आला आहे आणि बाबा कॅसेटची दुसरी बाजू ऐकत आहेत.